परत आलेली बंदूक

ठाण्यातून जमादाराचा फोन आला तेव्हा भावसिंग ओट्यावर बसून कापसातला काडीकचरा वेचत होता. जमादार खुशीत होता. लॉटरी लागल्याचं सांगावं तसा बोलत होता.

"काका, कोर्टाचा हुकूम आला. तुमची बंदूक मोकळी झाली. मालखाना साफ करून राह्यलो आम्ही, तं परवाना घेऊन या अन् घेऊन जा."

"राहू द्या ना जी तिथंच," भावसिंग म्हणाला.

"असं कसं राहू देता? तुम्ही सुटले, केस संपली, परवाना पुन्हा चालू झाला. आता तुमची वस्तू आमच्यापाशी ठेवाचा कायदाच नाही. इकायची असन तं त्याची परवानगी लागते. जमा कराची असन तं त्याचा अर्ज वेगळा. पण पयले घरी न्या."

भावसिंगनं "हो जी" म्हटलं. फोन बंद झाला तरी तो कानाला तसाच धरून बसला.

रात्री जेवताना त्यानं बायकोला सांगितलं. कांताबाई चुलीपुढं होती. तिनं मान वर न करता विचारलं, "थे घरात येनार?"

"येनार."

तिनं तव्यावरची भाकर उलटली.

आंबेनाल्याचा तांडा दारव्ह्यापासून फार लांब नाही, पण शेवटच्या घरापलीकडं शेतं आणि शेतांना लागूनच जंगल. भावसिंग राठोडच्या बापाच्या वेळेपासून त्या घरात एकनळी बंदूक होती, पीक राखायच्या परवान्यावरची. साऱ्या शिवारात तेवढी एकच. डुकरं हरभऱ्यात शिरली की लोक भावसिंगला हाक मारायला यायचे, आणि त्यालाही त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोला.

पाच वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, धुक्याच्या एका सकाळी तो आपल्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दबा धरून बसला होता. समोर पुरुषभर उंच तूर. तुरीत काहीतरी हललं आणि आवाज आला. हुक्. रानडुकराला वास लागला की ते असंच हुंकारतं; भावसिंग तो आवाज लहानपणापासून ऐकत आला होता. त्यानं आवाजावर बार टाकला. डुकराला गोळी लागली तर ते किंचाळतं, नाही लागली तर तुरी मोडत पळतं. त्या सकाळी दोन्ही झालं नाही. तूर हलायची थांबली, एवढंच. ती थांबलेली तूर पाहत तो किती वेळ बसून राहिला हे त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही, पोलिसांना नाही आणि कोर्टातही नाही.

मग तो तुरीत शिरला. तिथं देवसिंग पडला होता. धुऱ्याला धुरा लागलेला शेजारी, लहानपणचा सोबती. तो दुसऱ्या अंगानं डुकरं हाकलत आला होता. देवसिंगला बिडीचा खोकला होता. कोरडा, एकाच उबळीचा.

त्या वर्षी दोघांत बोलणं बंद होतं. देवसिंगला ट्रॅक्टर न्यायला भावसिंगच्या शेतातून वाट पाहिजे होती आणि भावसिंग देत नव्हता. प्रकरण तहसीलीत गेलं होतं. पोलिसांनी ते उकरून उकरून विचारलं. पण पंचनाम्यात डुकरांचे ताजे खूर होते, उकरलेला हरभरा होता, धुकं सगळ्यांनीच पाहिलं होतं. देवसिंगची बायको बसंतीबाई साक्षीला उभी राहिली तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "मी घरी होती. मले बार आयकू आला." वकिलानं पुन्हा पुन्हा विचारलं तरी तिनं ना भावसिंगच्या बाजूनं काही म्हटलं, ना विरुद्ध. तीन वर्षं जामिनावर काढल्यावर भावसिंग सुटला. वाट त्यानं देवसिंगचे दिवस होण्याआधीच मोकळी करून दिली होती.

सुटला असं लोक म्हणत. थंडी पडली की तांड्यात खोकले सुरू होतात. कोणाच्या ओसरीवर, देवळात, दारव्ह्याच्या जीपमध्ये. एखादा कोरडा खोकला कानावर आला की भावसिंगच्या उजव्या हाताचं बोट आपोआप वाकायचं. ते वाकलेलं बोट तो दुसऱ्या हातात धरून बसायचा. कांताबाईला हे माहीत होतं. तिला खोकला झाला तर ती परसात जायची आणि तोंडात पदर कोंबून खोकायची.

आणि दर दिवाळीला बसंतीबाईकडून फराळाचं ताट यायचं. कांताबाई आणि बसंतीबाई एकाच तांड्याच्या माहेरवाशिणी, त्या नात्यानं ती भावसिंगला भाऊजी म्हणे. ताट ती स्वतः आणून द्यायची आणि भावसिंग समोर असला तर म्हणायची, "खा जी भाऊजी." भावसिंग खायचा. घास घशाखाली उतरायला वेळ लागायचा, पण पूर्ण खायचा. माफी मिळाली असं त्याला वाटायचं नाही. पण मग हे काय आहे, तेही त्याला कळायचं नाही.

बंदूक त्यानं पोत्यात गुंडाळून जीपनं आणली. जीपवाल्यानं त्याला मागून उठवून आपल्याशेजारी बसवलं.

"काका, आजकाल परवाना भेटते कुठं? सांभाळून ठेवा," तो म्हणाला. "माह्यावाल्या जीपचे कागद पाहाले दर चौकात हात करतात. पंधरा साल झाले तं म्हने भंगारात टाका. तुमची बंदूक पन्नास सालाची असन, तिले कोणी भंगार म्हनते का?"

भावसिंग बाहेर पाहत राहिला. मागच्या सीटवर कोणी तरी खोकलं. त्यानं पोतं पायानं आणखी आत सारलं.

घरी भिंतीवर दोन खुंट्या होत्या. बंदुकीच्याच. पाच वर्षं तिथं कांताबाईनं छत्री आणि दोरखंड टांगला होता. भावसिंगनं बंदूक खुंटीला लावली नाही; आतल्या खोलीत धान्याच्या कोठीमागं उभी केली, तशीच पोत्यात. त्या रात्री कांताबाईनं अंथरूण ओसरीवर घातलं. थंडी होती, तरी. थोड्या वेळानं भावसिंगही आपली वाकळ घेऊन बाहेर आला.

"आतमंधी कोणी असल्यावानी वाटते," कांताबाई म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

बंदूक आल्याची बातमी तांडाभर झाली आणि दोनच दिवसांत सेवालालच्या देवळापुढं बैठक बसली. त्या वर्षी डुकरांनी कहर केला होता. सोयाबीन गेलं ते गेलं, आता हरभरा पेरल्यापेरल्या उकरून खात होती. बैठकीत जो तो बोलत होता. पंचायतीचा सदस्य म्हणाला, सरकार नुकसानभरपाई देते, फोटो काढून अर्ज करा. त्यावर सगळे हसले. एक म्हातारा म्हणाला, झटका मशीन लावा, डुकराले झटका बसते पण जीव जात नाही. त्याचंही अनुदान निघालं होतं, पण यादीत तांड्याचा नंबर कधी लागणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग रोशन उठला. रोशन म्हणजे देवसिंग आणि बसंतीबाईचा मुलगा. बाप गेला तेव्हा कॉलेजात होता, ते सोडून शेती पाहत होता.

"माह्यं म्हननं हाय का घरटी बंदूक द्यावं," तो म्हणाला. "कायले देत नाहीत? म्हने मानसं मरतीन. गाडीनं रोज मानसं मरून राह्यले ना? दारव्ह्याच्या रस्त्यावर दर हप्त्याले एक जाते. गाडी कोणी बंद केली का? पोट्टं अठराचं झालं का लायसन देतात. शोरूमवाला तं हार घालून देते गाडी. अन् आपल्याले पीक राखाले बंदूक पाहिजे तं दहा ठिकानी सही."

बंदुकीनं ज्याचा बाप गेला तोच हे बोलत होता. सगळ्यांच्या नजरा एकदा भावसिंगकडं वळल्या आणि लगेच खाली गेल्या.

"गाडी चालवणाऱ्याले समोरचं दिसते, रोशन," भावसिंग म्हणाला. इतक्या हळू की शेजारच्यालाच ऐकू गेलं.

"काय म्हनता काका?"

"काही नाही."

बैठक अशीच मोडली. उठताना रोशन कोणाला तरी म्हणाला, "मी माह्यं पाहून घेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बसंतीबाई आली. हातात ताट नव्हतं. ओट्याच्या पायरीवर बसली, कांताबाईनं दिलेला चहा प्याली, मग म्हणाली, "भाऊजी, माह्या वावरात बंदूक घेऊन बसा."

भावसिंगला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"रोशननं बाइंडिंग तार आनली हाय," ती म्हणाली. "खुंट्या ठोकून वावराभवती फिरवली. खांबावर आकडा टाकून करंट सोडतो म्हनते. मी हात जोडले, आयकत नाही. आठ दिवस थांब म्हटलं, तवा आयकला. तुम्ही दोनतीन डुकरं पाडा, कळप आपोआप दुसरीकडे जाईन."

"मी नाही करू शकत, बसंती."

"करंट सोडला अन् एखादी बाई कापूस वेचाले निघाली, तिचा पदर तारेले लागला, तं काय करू मी?" बसंतीबाईचा आवाज चढला नाही. "तुम्हाले आवाजावर नेम धरता येते."

शेवटचं वाक्य ती कशी बोलली हे भावसिंगनं नंतर कितीदा तरी मनात घोळवून पाहिलं. तेव्हा त्याला त्यात नुसती विनवणी ऐकू आली. तो मान हलवत राहिला. आतून कांताबाई म्हणाली, "नाही म्हनू नका. तिनं मांगतलं हाय." 

"मी बसीन तुमच्यासंग," बसंतीबाई म्हणाली. "साऱ्या तांड्याले सांगून ठेवीन, त्या सकाळी तिकडे कोणी फिरकाचं नाही. माही खातरी झाल्याबिगर तुम्ही चापाले हात लावू नका. मंग तं झालं?"

भावसिंग वनखात्यात जाऊन आला. डुकरं मारायच्या परवानगीचा कागद मिळाला. तिथल्या बाबूला जुनी गोष्ट माहीत नसावी, त्यानं सही करता करता "जपून" एवढंच म्हटलं. जुनी काडतुसं केव्हाच बाद झाली होती. परवाना दाखवून यवतमाळच्या दुकानातून नवी आणली. दुकानदारानं ती कागदात बांधून दिली, गोळ्या-बिस्किटांसारखी. परतीच्या वाटेत भावसिंगनं दोनदा खिसा चाचपला, आणि दोन्ही वेळा त्याला शिसारी आली.

ठरल्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी तो बसंतीबाईच्या शेतात पोचला. ती आधीच मचाणावर होती, अंगावर देवसिंगचं जुनं घोंगडं. मचाण देवसिंगनंच बांधलेलं. बांबू काळे पडले होते, पण पक्के होते. भावसिंग शिडीनं वर चढला. दोघांच्या मध्ये हातभर अंतर ठेवून बसला. धुकं इतकं होतं की खालचा हरभरा दिसत नव्हता. समोरची तूर म्हणजे नुसती एक काळी रेघ.

"सारे घरी हायेत," बसंतीबाई कुजबुजली. "मी घरोघरी जाऊन सांगून आली. रोशनले कडी लावून आली बाहेरून."

भावसिंगनं काडतूस भरलं. पाच वर्षांनीही हातांना काम आठवत होतं. त्यालाच ते आवडलं नाही. मग बसून राहणं. तुरीच्या पानांवरून दवाचे थेंब टपटप पडत होते. लांब कुठं तरी टिटवी ओरडली. ही तीच तूर नव्हती हे त्याला कळत होतं. ते शेत पलीकडं होतं, पाच पिकं येऊन गेली होती. पण धुक्यात सगळी तूर सारखीच. त्याला वाटलं, आपण इथून कधी उठलोच नव्हतो. कोर्ट, तारखा, मालखाना हे सगळं मध्ये कोणी तरी सांगितलेलं, आणि आपण मात्र अजून त्याच सकाळी बसलो आहोत, बार टाकायच्या आधी.

आणि तुरीत काही तरी हललं.

काळ्या रेघेचा एक भाग डुलला, थांबला. भावसिंगनं बंदूक उचलली. बोट चापाच्या बाहेर होतं.

हुक्.

तोच आवाज. कोरडा, एकच उबळ. डुक्कर आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. सारे घरी आहेत. डुक्कर आहे. पण पाच वर्षांपूर्वीही त्यानं हेच सांगितलं होतं. त्याचं बोट आत गेलं, चापाला टेकलं, आणि तिथंच थिजलं.

शेजारी बसंतीबाई गुडघ्यांवर उठली होती. घोंगडं खांद्यावरून खाली पडलं तरी तिला भान नव्हतं. ती तुरीकडं पाहत होती.

हुक्. पुन्हा. थोडं जवळून.

"कुण छ?" बसंतीबाई म्हणाली. कोण आहे, असं तिनं घरच्या बंजारा बोलीत विचारलं. आणि मग अगदी हळू, घरात नवरा शेतावरून आल्याची चाहूल लागावी आणि चुलीपुढून बाईनं विचारावं, तशा सवयीच्या आवाजात तिनं हाक मारली, "रोशनेर बाप?"

धुक्यातून क्षणभर काहीच आलं नाही. भावसिंगला वाटलं, आता उत्तर येणार. त्याला खरोखर तसं वाटलं. त्यानं बंदुकीची नळी खाली केली.

मग तुरी मोडल्याचा आवाज झाला. एक मोठी डुकरीण धुक्यातून बाहेर आली, मागं पिलांची रांग. बसंतीबाईच्या आवाजानं ती बुजली होती. एकदा मचाणाच्या दिशेनं हुंकारली आणि पिलांना घेऊन नाल्याकडं पळाली. हरभरा तुडवल्याचे आवाज लांब जात जात विरून गेले.

भावसिंगनं काडतूस काढून खिशात टाकलं. बसंतीबाई मात्र अजून तशीच गुडघ्यांवर होती.

"डुक्कर होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी त्याईच्यासंग पंचवीस सालं संसार केला," ती म्हणाली. "रातभर त्याईचा खोकला आयकला. मले वाटे, सारे म्हनतात तुरीत धोका झाला, डुकरावानी आवाज आला, पन त्याईचा खोकला न् डुकराचा आवाज मी झोपीतही वेगळा सांगीन. अन् मले सांगता येते तं भावसिंगभाऊजीले सांगता येत नसन का? लहानपनापासून संग राह्यलेला मानूस." ती थांबली. "तुम्ही जानून मारलं, असं मी समजून होती."

भावसिंगनं तिच्याकडं वळून पाहिलं. "कवापासून?"

"पयल्या दिवसापासून. वाटेचं भांडन होतं ना."

"मंग कोर्टात काहून नाही सांगतलं?"

"सांगून काय होनार होतं? पाह्यलं तं मी काही नव्हतं. खोटं कसं बोलू?"

"अन् दिवाळीचं ताट?"

"पाहाले," बसंतीबाई म्हणाली. "तुमच्या घशाखाली उतरते का नाही ते पाहाले. उतरे. मंग मी घरी येऊन म्हनो, पाह्य, कसा निबर हाय. पुढच्या दिवाळीले पुन्हा आनो."

भावसिंग खाली पाहत राहिला. त्याला त्या ताटांतला एकेक घास आठवायला लागला. समोर बसलेली ही बाई आठवली, खा जी म्हणणारी.

"आज मले आवाज आयकाचाच होता," ती म्हणाली. "डुकराचं निमित्त होतं. नाही, डुकराचंही होतं, तारेचंही होतं. पन मले आयकाचं होतं. अन् आयकला तं..." तिनं घोंगडं ओढून तोंडावर घेतलं आणि रडली. नवरा गेला तेव्हा ती सगळ्यांसमोर रडली होती. हे रडणं तसं नव्हतं, दबकं होतं, आत ओढून घेतलेलं. भावसिंगनं हात पुढं केला आणि तिच्यापर्यंत न नेताच मागं घेतला.

धुकं हळूहळू पातळ झालं. तुरीची पिवळी फुलं दिसायला लागली. बसंतीबाईनं डोळे पुसले.

"एक आवाज द्याचा होता, भाऊजी," ती म्हणाली. "नुसता. कोण हाय म्हनून. मी देल्ला ना आता?"

"हो."

"तुम्ही देल्ला असता तं त्याईनं मी हाय म्हटलं असतं."

"हो," भावसिंग म्हणाला. "आवाज देल्ला तं डुक्कर पळते, म्हनून नाही देल्ला."

हे त्याला आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, वकिलानं नाही, न्यायाधीशानंही नाही. सगळ्यांनी भांडणाचं विचारलं होतं, परवान्याचं विचारलं होतं, उजेड किती होता ते विचारलं होतं.

बसंतीबाई शिडी उतरली. भावसिंग वरून पाहत होता. ती धुऱ्यावर गेली आणि रोशननं ठोकलेल्या खुंट्या एकेक करून उपटायला लागली. तार हातानं गुंडाळत, ओढत. तिच्या बोटांना कापलं असावं, कारण मध्येच तिनं हात पदराला पुसला. भावसिंग उतरून दुसऱ्या टोकाला गेला आणि तिकडून खुंट्या काढू लागला.

ऊन वर आल्यावर कोणी तरी कडी उघडली असेल, रोशन धावत आला. "माय! काय करून राह्यली? डुकरं पडले का? बार तं आयकूच नाही आला."

"नाही पडले."

"मंग तार काहून काढून राह्यली?"

"तार कोणाले इचारते का, कोण हाय म्हनून?" बसंतीबाई म्हणाली.

रोशनला यातलं काही समजलं नाही. तो चिडला, बंदुकीकडं बोट दाखवून भावसिंगला काही बाही बोलला, पीक तुम्ही भरून देता का असं विचारलं. भावसिंगनं ऐकून घेतलं. शेवटी रोशननं आईच्या बोटांचं रक्त पाहिलं आणि तिच्या हातातली तार स्वतः गुंडाळायला घेतली. ती तार पुढं त्यांच्या गोठ्याच्या आढ्याला गंजत पडून राहिली. करंट काही त्यानं सोडला नाही.

पुढच्याच महिन्यात निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. भावसिंग त्याच पोत्यात गुंडाळून ती घेऊन गेला. निवडणूक झाली. जमादाराचा फोन आला, घेऊन जा म्हणून. भावसिंग गेला तो हातात अर्ज घेऊन, परवाना कायमचा सोडत असल्याचा. जमादार चक्रावला. "काका, लोकं परवान्यासाठी चपला झिजवतात, अन् तुम्ही परत करून राह्यले?" नागपूरला राहणाऱ्या भावसिंगच्या मुलाचाही फोन आला: आजोबाच्या वेळची वस्तू, दिवाणखान्यात लावली असती. भावसिंग कोणाशी वाद घालत बसला नाही. यवतमाळला चारदा जावं लागलं, मग एकदाचं ते काम झालं. कांताबाईनं अंथरूण पुन्हा घरात नेलं.

डुकरं मात्र येतच होती. झटका मशीनच्या यादीत तांड्याचा नंबर अजून लागायचाच होता. म्हणून भावसिंग रोज पहाटे उठून मचाणावर जायला लागला, बसंतीबाईच्याच शेतात, रिकाम्या हातानं. तुरीत, हरभऱ्यात काही हललं की तो ओरडायचा, "कोण हाय?" बुजलेली डुकरं पळायची. तांड्यातल्या लोकांना आधी हसू आलं. मग अंथरुणात पडल्या पडल्या त्या हाकेची भीती वाटायला लागली, कारण म्हातारा एकदा ओरडून थांबत नसे. उत्तरासाठी थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा विचारायचा, जणू समोर कोणी तरी आहेच आणि ते बोलत नाही. रोशननं आईला म्हटलं, काकाला समजाव. बसंतीबाई म्हणाली, "ओरडू दे." दिवाळी आली तेव्हा ताट घेऊन ती गेली, पण ओट्यावर थांबली नाही, कांताबाईच्या हातात देऊन परत फिरली. त्या दिवशी भावसिंगला एकही घास गेला नाही.

थंडी वाढली. एका सकाळी असंच दाट धुकं होतं आणि तुरीच्या कडेला काही तरी सरकलं. भावसिंग उठून उभा राहिला.

"कोण हाय?"

टपटप दव पडत होतं. तो थांबला, नेहमीसारखा.

"कोण हाय?"

"मी हाय जी!" धुक्यातून बाईचा आवाज आला. "मी, मानीबाई! शेळी सुटली माही, ते पाहून राह्यली."

भावसिंगनं मचाणाचा बांबू घट्ट धरला. तो खाली बसला, आणि मग कितीतरी वेळानं, ती वाट पाहत असेल हे ध्यानात येऊन, जोरानं ओरडला, "नाल्याकडे पाह्य बाई! तिकडेच गेली वाटते!"